घरच्या घरी रेशमावर रंगकाम: पहिल्या रुमालापासून गोंड्यांच्या ओढणीपर्यंत

रेशमावर रंगवलेली माझी पहिली ओढणी गॅलरीत वाळत होती, तेव्हा तिच्यावरची जास्वंदाची फुले पाहायला शेजारपाजारचे लोक येऊन गेले. आठवड्याने मी ती पहिल्यांदा धुतली आणि काही मिनिटांत बादलीतले पाणी गर्द लाल झाले, फुलांच्या जागी गुलाबी ढग उरले. रंग चांगला होता, रेशीमही अस्सल होते. पण तो रंग वाफेवर पक्का करावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तेव्हापासून नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते: कुंचला हातात घेण्यापूर्वी रंग पक्का कसा करणार हे ठरवा आणि मग उलट्या क्रमाने रंग, कापड व जागा यांच्याकडे या. पुढील टप्पे त्याच दृष्टीने मांडले आहेत. पुण्यातील दोन खोल्यांच्या घरात, एका टेबलावर आणि एका गॅलरीत हे सगळे काम मी करते, त्यामुळे मोठी जागा नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही.

१. रंग पक्का कसा करणार, हे आधी ठरवा

बाजारात रेशमासाठी म्हणून जे रंग मिळतात, त्यांचे घरगुती कामाच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार होतात. पहिला इस्त्रीने पक्का होणारा. यात रंगाचे बारीक कण आणि त्यांना धाग्यावर चिकटवून ठेवणारा बाइंडर असतो. वाळल्यावर कापडाच्या उलट्या बाजूने, बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकी, साधारणतः प्रत्येक भागावर दोन ते तीन मिनिटे गरम कोरडी इस्त्री फिरवली की काम होते. सोय मोठी आहे, मात्र हा रंग धाग्याच्या पृष्ठभागावर बसतो. म्हणून रंगवलेला भाग किंचित कडक लागतो आणि रेशमाची झळाळी थोडी मंदावते.

दुसरा प्रकार वाफेवर पक्क्या होणाऱ्या रंगांचा. यातील आम्लरंग म्हणजेच अॅसिड डाय रेशमाशी खरे नाते जोडतात. रेशमाचा धागा हा केस आणि लोकर यांच्यासारखाच प्रथिनांचा बनलेला असतो. आम्लाच्या सान्निध्यात या प्रथिनातील काही गटांवर धनभार येतो, रंगाच्या रेणूवर ऋणभार असतो, आणि ओलसर उष्णता मिळाली की रंग धाग्याच्या आत शिरून तेथे धरला जातो. म्हणून या रंगाने रंगवलेले रेशीम धुतल्यावरही पहिल्याइतकेच मऊ राहते. अट एवढीच की वाफ दिलीच पाहिजे. नुसते वाळवून, उन्हात टाकून किंवा वरवर इस्त्री फिरवून हे रंग टिकत नाहीत.

माझा सल्ला असा की, पहिले दोन-तीन रुमाल इस्त्रीच्या रंगांनी करावेत, म्हणजे कापड ताणणे आणि रेघ ओढणे यांवर हात बसेल, आणि त्यानंतर वाफेच्या रंगांकडे वळावे. दोन्ही प्रकार एकाच कापडावर मिसळू नयेत. हळद, मंजिष्ठा, कात यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांचा मोह अनेकांना सुरुवातीलाच होतो, पण त्यांना तुरटीसारख्या रंगबंधकाची वेगळी तयारी लागते आणि हळदीचा रंग तर उन्हात लवकर उडतो. तो अभ्यास नंतर स्वतंत्रपणे करावा.

येथील सापळा म्हणजे कागदाच्या पुडीत सुटी मिळणारी, नाव-गाव नसलेली भुकटी. बेंझिडिनपासून तयार होणारे काही रंग कर्करोगाला कारणीभूत ठरतात म्हणून भारतात १९९०च्या दशकात त्यांवर बंदी आली. ज्या डब्यावर रंगाचा प्रकार, उत्पादकाचे नाव आणि पक्का करण्याची पद्धत लिहिलेली नाही, तो रंग कितीही स्वस्त असला तरी घरात आणू नये.

२. जागा आणि सामान

खिडकीजवळचे एक टेबल, त्यावर जाड प्लॅस्टिक आणि त्यावर जुनी सुती चादर, एवढी तयारी पुरते. छापील वर्तमानपत्र थेट रेशमाखाली घालू नका, ओल्या रेशमाला त्याची शाई लागते. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, कारण तेथील उजेड दिवसभर सारखा राहतो आणि रंगाचा अंदाज चुकत नाही. रंग भरताना पंखा बंद ठेवावा लागतो, हे लक्षात घेऊन उन्हाळ्यात सकाळची वेळ निवडावी.

पुढील सामान एकदाच जमवावे:

– लाकडी चौकट. रुमालासाठी चित्रकारांच्या कॅनव्हासची चौकट चालते, ओढणीसाठी सुताराकडून जोडता-सोडता येणाऱ्या चार पट्ट्या करून घ्याव्यात
– गंज न लागणाऱ्या पुशपिना, सेफ्टी पिना आणि रबर बँड
– टोकदार मऊ कुंचले दोन आणि रुंद सपाट कुंचला एक
– गुट्टा (रंग पसरू नये म्हणून आकृतीची रेघ ओढायचे द्रव्य) किंवा तत्सम रेखाद्रव्य, आणि बारीक तोंडाची बाटली अथवा रिकामे मेंदीचे कोन
– ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, मापाचे प्लॅस्टिकचे पेले, झाकणाच्या काचेच्या बाटल्या
– रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क
– वाफेसाठी उंच पातेले आणि आतील जाळी, अथवा जुने मोठे मोदकपात्र
– कोरा न्यूजप्रिंट कागद, जाडे मीठ, पांढरे व्हिनेगर, रिठे

रंगाच्या कामात एकदा वापरलेले पातेले, चमचा, पेला किंवा मोदकपात्र पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही. हा नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवा आणि त्या भांड्यांवर लाल रंगाने खूण करून ती वेगळ्या फडताळात ठेवा. स्वच्छ घासले तर काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. पण रंगाचे अंश डोळ्यांना दिसत नाहीत आणि हे रंग पोटात जाण्यासाठी बनवलेले नसतात.

३. रेशीम पारखून घ्या

नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत 'आर्ट सिल्क' या शब्दाने होते. कलेसाठीचे रेशीम असा त्याचा अर्थ नसून ते कृत्रिम रेशीम असते, म्हणजे बहुधा व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टर. आम्लरंग यांपैकी कशालाच धरत नाही. मी एकदा एका दुकानातून असे पाच मीटर कापड घेतले आणि वाफेनंतर धुताना सगळा रंग निघून गेल्यावर मला त्याचा उलगडा झाला.

परीक्षा सोपी आहे. कापडाच्या कडेचे चार-दोन धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून पेटवावेत. अस्सल रेशीम केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की बहुतेक विझते आणि मागे उरलेली काळी राख बोटांत चुरगळते. व्हिस्कोज कागदासारखे भुरकन जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे तपासावेत, कारण ताण्यात रेशीम आणि बाण्यात दुसरेच काही, असे मिश्र कापडही सर्रास मिळते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४मध्ये सुरू झालेली 'सिल्क मार्क' ही खूणचिठ्ठी कापडावर असेल तर शुद्धतेची खात्री मिळते.

आता कापडाचा प्रकार. पातळ, गुळगुळीत, साध्या विणीचे रेशीम सुरुवातीला घ्यावे. दुकानदार त्याला बहुधा चायना सिल्क म्हणतात, आणि जगभर या कामात ते हबोटाय या जपानी नावाने ओळखले जाते. त्याचे वजन मॉमे या मापात सांगतात. १ मॉमे म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. ८ मॉमेचे कापड शिकण्यासाठी योग्य असते. ५ मॉमेचे फार नाजूक, त्यावर रंग हाताबाहेर धावतो. दुकानात मॉमे सांगता येत नसेल तर घरच्या काट्यावर वजन करा: ४४ इंच पन्ह्याच्या ८ मॉमे कापडाचा एक मीटर सुमारे ३९ ग्रॅम भरतो. क्रेप थोडे जड आणि सुंदर पडते, पण त्यावर रंग सावकाश पसरतो. ऑर्गेंझा टाळावे, कारण त्यातील नैसर्गिक डिंक काढलेला नसतो. कच्च्या रेशमाच्या वजनात हा डिंक, म्हणजे सेरिसिन, साधारण २० ते ३० टक्के असतो. तो काढल्यावरच आतील फायब्रॉइनची, म्हणजे मूळ रेशीमतंतूची चमक आणि रंग शोषण्याची क्षमता पूर्णपणे खुलते.

विदर्भातील टसरविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात आणि भंडारा जिल्ह्यातील विणकर त्याच धाग्यावर करवतकाठी साड्या विणतात. या रेशमाचा स्वतःचा मधाळ तपकिरी रंग असतो, त्यामुळे त्यावर लावलेला निळा हिरवट दिसतो आणि गुलाबी विटकरीकडे झुकतो. हा दोष मानू नका. माती, वाळके गवत, हळदी पिवळा, गर्द तांबडा या छटा टसरवर जितक्या शोभतात तितक्या पांढऱ्या रेशमावर शोभत नाहीत. मात्र रंगाचा अंदाज येईपर्यंत थांबा आणि टसर दुसऱ्या टप्प्यात हाती घ्या.

४. कापड धुऊन ताणणे

नव्या कापडावर खळ असते आणि हाताचे तेलही लागलेले असते. कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी घालून कापड पाच-दहा मिनिटे हलकेच चुबकवा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि दमट असतानाच इस्त्री करा. मग कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. थेंब लगेच पसरला तर कापड तयार आहे. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा.

चौकटीच्या लाकडावर रुंद चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर आधीच्या कामाचा शोषलेला रंग नव्या कापडाच्या कडेला उतरतो. कापड समोरासमोरच्या बाजूंनी, मध्यापासून कोपऱ्यांकडे पिना लावत ताणा. ओढणीची कड आधीच शिवलेली असेल तर पिना टोचू नका. कडेत सेफ्टी पिन अडकवून तिला रबर बँड बांधा आणि तो चौकटीवरच्या खिळ्याला लावा. रेशीम ओले झाल्यावर सैल पडते आणि मध्यभागी रंगाचे तळे साचते. रबर बँडामुळे ताण आपोआप टिकून राहतो. कापड टेबलापासून किमान चार बोटे वर असलेच पाहिजे.

५. रेघ ओढणे

ताणलेल्या रेशमावर कुंचल्याचे टोक टेकवले की रंग धाग्याधाग्याने चहूकडे धावतो. त्याला अडवणारे कुंपण म्हणजे गुट्टा. मूळचा गुट्टा आग्नेय आशियातील झाडांच्या चिकापासून केला जाई; आता पाण्यात विरघळणारी रेखाद्रव्येही मिळतात आणि घरात तीच वापरावीत, कारण मूळ प्रकार पातळ करण्यासाठी वास मारणारी, पेट घेणारी द्रावणे लागतात. फ्रेंच भाषेत या पद्धतीला 'सेर्ती' म्हणतात, आणि तो शब्द दागिन्यातील खडा कोंदणात बसवण्याच्या क्रियेवरून आला आहे. रेघ म्हणजे कोंदण आणि रंग म्हणजे खडा, हे मनात ठेवले तर पुढची सगळी काळजी आपोआप समजते.

बाटलीचे टोक महाग वाटत असेल तर मेंदीच्या रिकाम्या कोनात रेखाद्रव्य भरा. जपानमध्ये युझेन पद्धतीने किमोनो रंगवणारे कारागीरही तांदळाची खळ कागदी कोनातूनच रेशमावर काढत आले आहेत, त्यामुळे या साधनाला कमी लेखू नका. आपल्याकडे ज्या हाताला मेंदी काढण्याची सवय आहे, तो हात या कामात दोन दिवसांत तयार होतो.

रेघ सावकाश, एकसारख्या दाबाने ओढा. ती कापडाच्या आरपार जायला हवी, म्हणून एक आकृती पूर्ण झाली की चौकट उजेडासमोर उभी धरून मागून पाहा. जेथे रेघ तुटक किंवा पुसट दिसेल, तेथे मागच्या बाजूने पुन्हा द्रव्य लावा. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी रंग तेथून शेजारच्या पाकळीत शिरतो आणि शिरलेला रंग परत काढता येत नाही. रेघ पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात याला चारपट वेळ लागतो. घाई झाली तर हेअर ड्रायर दुरून, मंद आचेवर फिरवावा.

बाटिकप्रमाणे मेणाची रेघही काढता येते. मेण वितळवताना पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचे भांडे, अशीच मांडणी करा. मेणाचे भांडे थेट आचेवर ठेवू नका. कापडावर मेण पारदर्शक दिसले तर ते आरपार गेले आहे, पांढरट दिसले तर ते थंड झाले आहे. मेणाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतू नका, गॅस बंद करून झाकण टाका.

६. रंग कालवणे

तयार पातळ रंगांची बाटली घेतली असेल तर हा टप्पा सोडून द्या. भुकटी वापरणार असाल तर मास्क आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका. रंगाची भुकटी अतिशय हलकी असते, ती श्वासावाटे वारंवार आत गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा जडू शकतो. पंखा बंद करा, टेबलावर ओला कागद पसरा म्हणजे उडालेले कण त्यावर चिकटतील, आणि लहान मुलांना त्या खोलीबाहेर ठेवा.

१०० मिलिलिटर पाण्यासाठी १ ग्रॅम भुकटी म्हणजे १ टक्क्याचे द्रावण. फिक्या छटांना हे पुष्कळ होते. गर्द छटांसाठी २ ते ३ ग्रॅम लागतात. भुकटीत आधी चमचाभर गार पाणी घालून गुठळी मोडेपर्यंत लेप करा आणि मग गरम पाणी ओता, थेट ओतले तर गाठी राहतात आणि त्या कापडावर ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. बोअरवेलचे जड पाणी वापरू नका, त्यातील क्षारांमुळे रंग मळकट दिसतो. पिण्याचे गाळलेले पाणी घ्या.

पिवळा, किरमिजी, आकाशी आणि काळा एवढे चार रंग पुरेत. प्रत्येक मिश्रणाचा ठिपका त्याच रेशमाच्या तुकड्यावर टाकून, त्याखाली प्रमाण लिहून, तो तुकडा वहीत चिकटवा. ओला रंग नेहमी गडद दिसतो आणि वाफेनंतर तो पुन्हा खुलतो, म्हणून तुकड्याचा अर्धा भाग वाफ देऊन आणि अर्धा न देता ठेवला तर ती वही पुढची अनेक वर्षे कामाला येते.

७. रंग भरणे

रेशमावर पांढरा रंग लावायचा नसतो. कापड जेथे कोरे सोडले तेच पांढरे. म्हणून फिक्याकडून गर्दाकडे जावे. कुंचला रेघेला टेकवू नका. आकृतीच्या मध्यावर रंग ठेवा आणि त्याला स्वतःहून रेघेपर्यंत चालत जाऊ द्या. एका पाकळीत दोन छटा मिसळायच्या असतील तर आधी तेथे स्वच्छ पाणी लावा आणि दोन्ही बाजूंनी रंग आत आणा.

मोठी पार्श्वभूमी रंगवताना मध्येच फोन घ्यायला उठू नये. वाळलेल्या कडेला ओला रंग भिडला की तेथे गडद किनार उमटते आणि ती जात नाही. जितका रंग लागेल असे वाटते त्याच्या दीडपट आधीच कालवून ठेवा, दोन्ही टोके ओली ठेवत आळीपाळीने पुढे सरका, आणि फुलाभोवती फिरून परत जेथे भेटणार ती जागा आधीच हेरून ठेवा.

मिठाचा प्रयोग नवशिक्यांना हमखास आनंद देतो. रंग ओला चमकत असताना, पण साचलेला नसताना, त्यावर जाड्या मिठाचे दाणे विरळ टाकावेत. मीठ पाणी ओढते, पाण्याबरोबर रंगही दाण्याकडे येतो आणि मागे शेवाळासारख्या, तारकांसारख्या फिक्या वाटा उरतात. पावसाळ्यात मीठ आधीच ओलसर असल्याने ते काही करत नाही. तव्यावर कोरडे भाजून, गार करून मग वापरा. कापड वाळल्यावर दाणा न् दाणा झटकून काढा, कारण वाफेत राहिलेले मीठ ओल धरते आणि तेथे मोठा डाग पडतो. हे मीठ कचऱ्यात टाका.

८. वाफ देणे

रंगवलेले कापड पूर्ण वाळल्यावर कोऱ्या न्यूजप्रिंट कागदावर पसरा, वर दुसरा कागद ठेवा आणि सैलसर गुंडाळी करा. रेशमाचा कोणताही भाग दुसऱ्या रेशमाला टेकता कामा नये, नाहीतर एका पाकळीचे प्रतिबिंब दुसऱ्या पाकळीवर उमटते. ही लांब गुंडाळी चकलीसारखी वळवून सुती दोऱ्याने बांधा आणि दोन्ही बाजूंनी जुन्या सुती कापडाच्या चार-पाच घड्या लावा.

पातेल्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन त्यात उंच जाळी ठेवा. पाणी उकळताना उडणारे थेंब गुंडाळीपर्यंत पोचू नयेत आणि गुंडाळी पातेल्याच्या भिंतीलाही लागू नये. खरा धोका मात्र वरून असतो. झाकणाच्या आतून टपकणारा पाण्याचा एक थेंब आठवडाभराच्या कामावर रुपयाएवढा डाग पाडतो. म्हणून गुंडाळीवर अॅल्युमिनियम फॉइलची छत्री उलट्या द्रोणासारखी ठेवा, तिच्यावर कापडाची जाड घडी ठेवा आणि झाकणालाही फडके बांधा. मोदक उकडताना आपण झाकणाला फडके बांधतो ते याच कारणासाठी.

पाणी खळखळू लागल्यावर गुंडाळी आत ठेवा. ८ मॉमेच्या ओढणीला मी मध्यम आचेवर दीड तास वाफ देते, जाड क्रेपला किंवा टसरला दोन ते अडीच तास. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. मुंबईच्या मानाने पंधरा मिनिटे वाढवलेली बरी. पाण्यात एक नाणे टाकून ठेवा. ते वाजत राहते, आणि आवाज थांबला की पाणी संपत आले हे दुसऱ्या खोलीतूनही कळते. पाणी वाढवायचे झाल्यास उकळतेच घाला. खिडकी उघडी ठेवा, कारण या वाफेला वास येतो. मी प्रेशर कुकर वापरत नाही. त्यात गुंडाळी मावण्यासाठी दाबावी लागते आणि दाबलेल्या घड्यांत वाफ सारखी पोचत नाही.

९. धुणे आणि इस्त्री

वाफेतून काढलेले कापड लगेच धुवू नका, एक-दोन दिवस तसेच सोडा. मग गार पाण्यात, हात न थांबवता हलवत धुवा. सुरुवातीला थोडा रंग सुटणारच, तो जास्तीचा असतो. घाबरून कापड बादलीत तसेच टाकून ठेवले तर सुटलेला रंग कोऱ्या भागांवर बसतो. पाणी बदलत राहा. पाण्याचे रेखाद्रव्य कोमट पाण्यात निघून जाते आणि रेघेच्या जागी रेशमाचा पांढरा दोरा उजळतो. तो क्षण मला आजही नव्याने सुखावतो. शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घाला, छायेत निथळू द्या आणि दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री करा.

एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर रेशमाला लावू नका. डाग काढण्यासाठी तिच्यात घातलेले प्रोटीएज हे प्रथिने तोडणारे द्रव्य असते आणि रेशीम स्वतःच प्रथिन आहे. क्लोरीनचे ब्लीच तर रेशीम विरघळवून टाकते. रिठा सर्वांत सुरक्षित.

१०. उरलेल्या रंगात लड्या, आणि लड्यांचे गोंडे

कालवलेला रंग थोडा तरी उरतोच आणि तो मोरीत ओतणे मला पटत नाही. आम्लरंग लोकरीला व रेशमी दोऱ्यालाही धरतो, म्हणून मी उरलेले रंग एकत्र करून त्यात लडी रंगवते. लडी चार ठिकाणी सैल बांधा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, मग रंगाच्या पाण्यात घालून प्रत्येक लिटरला दोन-तीन चमचे व्हिनेगर घाला आणि हळूहळू तापवा. पाणी उकळू देऊ नका, ८५ अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास ठेवा. उकळीने रेशमाची चमक जाते, आणि लोकर एकदम गरम-गार झाली किंवा ढवळली गेली तर तिचे तंतू एकमेकांत गुंतून नमदा होतो. रंग धाग्यात गेल्यावर पाणी जवळजवळ निवळ होते. पाणी निवळेपर्यंत थांबणे हीच सांडपाण्याची काळजी. लडी त्याच पाण्यात गार होऊ द्या.

हा दोरा ओढणीच्याच रंगांतून आलेला असल्याने तिच्याशी तो सहज जुळतो. शिवलेली कड नसलेल्या ओढणीच्या दोन्ही टोकांचे आडवे धागे चार बोटे काढून टाका, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दशा मोकळ्या होतात. वीस-वीस दशांचे दोन जुडगे एकाच दिशेला पीळ देऊन एकमेकांवर उलट्या दिशेने गुंडाळले की पीळ सुटत नाही. शेवटी गाठ मारा. ज्यांना गोंडे हवेत त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोरा चाळीस वेळा गुंडाळून, वरून बांधून, खालून कापावा आणि मानेशी दुसऱ्या रंगाचा दोरा आवळावा. लांबच्या दोन कडा मात्र पिको न करता हाताने वळवून बारीक टाक्यांनी शिवाव्यात. मशीनच्या पिकोने पातळ रेशमाची कड ताठ होते आणि ओढणी खांद्यावरून नीट पडत नाही. दोन संध्याकाळी जातात, पण हा वेळ वाचवू नये.

११. विकायचे ठरवलेत तर

किमान दहा ओढण्या धुऊन, उन्हात-छायेत पाहून, स्वतः वापरून झाल्याशिवाय विक्री सुरू करू नका. त्यानंतर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्यावी. ती शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी आधार क्रमांक, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे याच नोंदणीचे पैसे मागतात, तेव्हा पत्ता नीट पाहावा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून कारागिरांना 'पहचान' हे ओळखपत्र मिळते. मंत्रालयाच्या प्रदर्शनांत आणि योजनांत भाग घेताना त्याचा उपयोग होतो.

प्रत्येक ओढणीसोबत एक छोटी चिठ्ठी जोडा. तिच्यावर रेशमाचा प्रकार, वापरलेल्या रंगाचा प्रकार आणि 'गार पाण्यात रिठ्याने वेगळी धुवावी, छायेत वाळवावी, उलट्या बाजूने इस्त्री करावी' एवढे स्वच्छ अक्षरात लिहा. त्याच ओढणीच्या कापडाचा दोन बोटे रंगीत तुकडा तारखेसह आपल्या वहीत ठेवा, म्हणजे वर्षाने कोणी रंग उतरल्याची तक्रार घेऊन आले तर मूळ छटेशी ताडून पाहता येते.